मुगिएची दोरी

त्या वर्षी आमच्या शाळेतल्या पोरांचे पाय धुतले गेले. तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की. थांबा, आधी ऐका.

एसोइत गावच्या शाळेत मी आचारी. मासाई बाप्या चुलीपाशी बसतो म्हणजे आमच्याकडं हसायचीच गोष्ट. पण मोटारसायकलवरून पडून माझा पाय मोडला, गुरांमागं हिंडणं संपलं, तेव्हा मोठ्या बाईंनी, सिलान्तोई मॅडमनी, माझ्या हातात पळी दिली. तेव्हापासून म्हातारी माणसं मला ‘कोइनेतबाई’ म्हणतात. म्हणू देत. दुपारी वास सुटला की तीच कुंपणापाशी घुटमळतात.

लागोपाठ तीन पाऊस चुकले होते. शाळेमागच्या उतारावर मेलेली गुरं पडलेली. वारा फिरला की पोरं सदऱ्याची कॉलर नाकावर ओढून पाढे म्हणायची. गिधाडं खाऊन खाऊन इतकी जड झालेली, की दगड मारला तरी उडायचा कंटाळा. शाळा चालू होती ती फक्त टाकीमुळं. टँकर कधी यायचा, कधी नाही. टाकीत पाणी आहे तोवर माझी चूल पेटायची, मका नि घेवडा शिजायचा. शिजतंय म्हणून पोरं यायची. कितीतरी घरांत दिवसाचं तेवढंच खाणं.

अशात अमेरिकेतली मंडळी आली. चर्चची. सगळ्यांच्या अंगात एकसारखे भगभगीत नारिंगी टी-शर्ट, पाठीवर कायतरी लिहिलेलं. मॅडमनी वाचून सांगितलं, ‘प्रभूचे हात’.

मी स्वतः ख्रिस्ती आहे बरं का. रविवारी बाभळीखाली आम्हीही गातो. तेव्हा देवाशी माझं भांडण नाही. त्याचा ह्यात काय संबंध?

त्यांचा म्होरक्या पास्टर डॅरेल. उंच, उन्हानं लाल झालेला, हसरा. डोळ्यांना पाणी लगेच यायचं त्याच्या. आमच्या डोळ्यांत तेव्हा धुळीशिवाय काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं पोरांना बाकड्यावर ओळीनं बसवलं, घमेली मागितली आणि टाकीचा नळ सोडला.

मी पळी टाकून लंगडत धावलो. “मॅडम, हे काय चाललंय?”

“पाय धुतायत पोरांचे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “येशूनं शिष्यांचे धुतले होते ना, तसे.”

“ते मलाही माहितेय. पण येशूनं आधी टाकी बघितली असणार!”

“गप बस कोइनेत. शाळेसाठी बोअर पाडून देणारेत ते.”

गप बसलो. एकेका पोरासाठी तांब्यावर तांब्या ओतला. एकजण धुवायचा, एकजण फोटो काढायचा, एकजण डोळे मिटून गायचा. ओहोळ लागला पाण्याचा, आमच्या मैदानात! आजूबाजूच्या बायांना दिसलं तसं त्या ताटल्या, डबे, काय हाताला लागेल ते घेऊन पळत आल्या आणि गुडघ्यावर बसून तो चिखल भरून घ्यायला लागल्या. शेळ्यांसाठी. नारिंगी टी-शर्टातल्या एका पोरीला वाटलं, बाया प्रार्थनेला बसल्यात. ती पण बाजूला गुडघे टेकून बसली आणि एका म्हातारीला तिनं मिठी मारली. म्हातारीच्या डब्यातलं सांडलं. मिठीतून सुटून तिनं जी शिवी दिली, ती मॅडमनी इंग्रजीत नेली नाही.

त्याच संध्याकाळी ती पोरगी उतारावर गेली. मेलेल्या गायीशेजारी बसली, तोंड पाडलं, फोटो काढून घेतला. फोटो झाला की तोंड परत जागच्या जागी. मला तर जेवण गेलं नाही.

आता पर्मुआतबाबांचं सांगतो, कारण गोष्ट त्यांची आहे. शाळेला लागूनच त्यांचं काटेरी कुंपण. मुलगा सगळी गुरं घेऊन गवत शोधत डोंगरांकडं गेलेला, त्याचा पत्ता नाही. घरी बाबा, सून रेसियातो आणि तिची तान्ही पोर तिपांको. अजून बसायलाही न शिकलेली. उपासानं रेसियातोचं दूध आटलं होतं. म्हणून मुलानं जाताना एक गाय मागं ठेवली, मुगिए. तांबूस, एक शिंग खाली वळलेलं, बरगड्या बोटानं मोजाव्यात अशी. पण सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर द्यायची. त्या दोन वाट्यांवर ती पोर जगत होती. दुसरं काही नव्हतं.

मंडळींनी बाजारातून टेम्पो भरून शेळ्या आणल्या. गळ्यात लाल फिती बांधलेल्या. जिथं गवताची काडी नाही तिथं शेळ्या! घरटी एक वाटली. पर्मुआतबाबांच्या हातात स्वतः पास्टरनं दोरी दिली, फोटो काढला. त्या शेळीनं तिसऱ्या दिवशी स्वतःचीच फीत खाल्ली आणि फुगून मेली.

पण बाबांच्या लेखी तिचं मरण महत्त्वाचं नव्हतं. दोरी हातात दिली होती ना! आमच्यात एकानं दुसऱ्याला जनावर दिलं की दोघांची नावं संपतात. शेळी दिली तर दोघं एकमेकांना ‘पाकिने’ म्हणायचे. गाय दिली तर ‘पाकितेंग’. मरेपर्यंत. आणि पाकितेंग म्हणजे भावापेक्षा जवळचा. भाऊ काय, आईच्या पोटातून येतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

संध्याकाळी बाबा शाळेत आले, पास्टरशेजारी बाकड्यावर टेकले. “काय कोइनेतबाई, चहा टाकता का?” मला म्हणाले, आणि मग मॅडमना, “ह्याला विचार, तुमच्याकडं गवत आहे का?”

पास्टरनं फोन काढला. फोटोत घर, आणि घरापुढं असं हिरवंगार, की आम्ही सगळे पुढं वाकलो. मीसुद्धा.

“गुरं कुठायत?” बाबांनी विचारलं.

“गुरं नाहीत म्हणतो.”

“मग एवढं खातं कोण?”

मॅडमनी विचारलं. “कुणी नाही खात. दर शनिवारी मशीननं कापतो म्हणतो.”

“कापून कुणाला घालतो?”

“पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवतो. कचऱ्याची गाडी घेऊन जाते.”

“परत सांग.”

मॅडमनी परत सांगितलं. आणि इथं उतारावर काय पडलंय! कापून कचऱ्यात! पण बाबांच्या तोंडावर राग आला नाही. ते त्या लाल माणसाकडं असं बघत राहिले, जसं एखाद्या पोरक्या पोराकडं बघावं.

“बिचारा,” म्हणाले. “गवत आहे आणि गाय नाही. कुणी दिलीच नसेल ह्याला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुगिए आणून त्याच्यापुढं उभी केली.

आधी मी अडवलं होतं त्यांना कुंपणातच. “बाबा, डोकं फिरलं का? एकच गाय. पोरीचं दूध आहे ते.”

“गाय कुठं चाललीय रे? पाहुण्याला गोठा नाही, तर ती राहणार माझ्याच गोठ्यात. दूध पोरीचं, गाय त्याची. सांभाळणारा मी.”

“मग त्याला काय मिळालं?”

“माणूस मिळाला. आणि मला मिळाला गवतवाला पाकितेंग. उद्या माझ्या नातवंडांवर अशीच वेळ आली तर जातील त्याच्या दारात.”

रेसियातो मुगिएची मान खाजवत होती. “कोइनेत,” ती हसून म्हणाली, “विमानात चढवताना मागून ढकलायला तुलाच बोलावतील बघ.” हसली खरी, पण हात काढला नाही मानेवरून.

पास्टरनं दोरी घेतली. डोळ्यांत पाणी आलंच. बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर थुंकले. आमच्यात म्हाताऱ्या माणसाचा तोच आशीर्वाद. आणि त्या दिवसांत तोंडात थुंकी होती कुणाच्या? बाबांची जीभ टाळूला चिकटलेली. मी बघत होतो, गाल आत ओढून ओढून त्यांनी ती गोळा केली. पास्टर हसत राहिला, फोटो होईपर्यंत. मग वळला, कमरेला टांगलेली, जंतू मारायच्या औषधाची बाटली काढली आणि दोन्ही हात चोळले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटापर्यंत. वर ‘प्रभूचे हात’!

“काय लावतोय तो?” बाबांनी मला विचारलं.

“तेल,” मी म्हणलं.

“पाकितेंग!” बाबांनी हाक मारली. पास्टरनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला, सगळे हसले. मला वाटलं, चला, गाय तरी कुंपणात आहे.

जायच्या आदल्या दिवशी बाभळीखाली सगळ्या गावाला बोलावलं. पास्टर उभा राहिला. खूप बोलला, मध्ये दोनदा गळा दाटला. मॅडम वाक्य-वाक्य सांगत होत्या.

“ह्या थोर वडिलांनी मला गाय दिली. मी ती विमानात नेऊ शकत नाही. आणि तुमची लेकरं उपाशी असताना मी गाय घेऊन काय करू? म्हणून ही गाय मी शाळेच्या लेकरांना देतो. उद्या...”

पास्टर वळून बघायला लागला, तेव्हा मॅडमनी वाक्य पुरं केलं. “उद्या गाय कापायची. सगळ्यांनी पोटभर मांस खायचं.”

नारिंगी टी-शर्टांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी तर आकाश डोक्यावर घेतलं. पोरांचा काय दोष, मांस म्हणलं की त्या दिवसांत माझीही भूक चाळवायची. मोठ्या माणसांनी मात्र पर्मुआतबाबांकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

बाबा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. बोलणार काय? दिलेली गाय देणाऱ्यानं परत मागायची नसते, तिच्याबद्दल तोंड उघडायचं नसतं. घेणाऱ्यानं परत केली तर त्याहून वाईट. म्हणजे तुझी गाय नको आणि तूही नको, असं भर गावात सांगणं. कापली तर पोर गेली, परत दिली तर बाबा गेले.

मी मॅडमना स्वयंपाकखोलीत गाठलं. “सांगा त्या माकडाला!”

“काय सांगू? परत दे म्हणून सांगू? बाबा पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाहीत.”

“मग सांगा, तान्ही पोर आहे त्या दुधावर.”

“सांगितलं मघाशी बाजूला घेऊन. म्हणाला, पोरीसाठी दूध पावडरचे डबे पाठवू.” मॅडमनी कपाळ दाबलं. “कधी पाठवणार, विचारलं. म्हणाला, तिकडं गेल्यावर लोकांना हा जेवणाचा व्हिडिओ दाखवला की मदत येईल. उद्याचं जेवणच त्याला पाहिजे, कोइनेत. आणि जास्त ताणलं तर बोअर जाईल.”

“जाऊ दे बोअर.”

“तू म्हणशील रे. पाऊस येईपर्यंत तीनशे पोरांना पाणी कुठून देऊ मी?”

तेवढ्यात दारात रेसियातो. पोर पाठीला बांधलेली. रेसियातो स्वतः रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“सुरी तूच चालवणार ना, कोइनेत?”

मी चुलीत लाकूड सारलं.

“मग सकाळचं दूध काढून घेऊ देशील? तेवढं उद्याचं होईल.” पाठीवरची पोर सावरली. “परवा काय पाजू, ते सांग. तू आचारी ना.”

सकाळी मुगिएला मैदानात आणली. बिचारी आपणहून चालत आली, तिला वाटलं असेल पाणी आहे. रेसियातोनं सगळ्यांसमोर उकिडवं बसून धार काढली. वाटीसुद्धा भरली नाही. पास्टरनं नवा कोरा टी-शर्ट घातलेला. तीन पायांवर कॅमेरा उभा केला. पोरं कुंपणावर चढून बसली, प्रत्येकाच्या हातात ताटली. बाबा कालच्याच जागी. मी सुरी पाजळत होतो, आणि पाजळता पाजळता मला तो हात चोळणारा माणूस आठवला. बेचक्यांतून. नखांतून. आणि एकदम डोक्यात आलं.

मी मोठ्यानं म्हणलं, “मॅडम, मालकाला सांगा, गुडघे टेकून तयार राहा म्हणावं.”

“कशाला?” मॅडमनी विचारलं.

“कशाला म्हणजे? मानेची कातडी उचलली की तिथं रक्त साचणार. गरम असतानाच मालकानं पहिला घोट घ्यायचा. तोंड लावून. हातानं नाही चालत.”

असा काही नियम आमच्यात नाही. रक्त पितात, खरंय, पण ज्याला पाहिजे तो पितो. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. लहानपणापासून बघतोय मी त्यांना, हसू आलं की डाव्या कानाची पाळी ओढतात. ओढली. मग पास्टरकडं वळून अगदी गंभीर तोंडानं इंग्रजीत बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट होतं ते. नंतर कळलं, कच्चं मूत्रपिंड त्यांनी पदरचं घातलं होतं. आणि पित्ताशयसुद्धा.

पास्टरचा लाल रंग उतरला. पांढराही झाला नाही, मेलेल्या सरड्यासारखा झाला.

“विचारतोय, नाही घेतलं तर?”

“तर गाय फुकट गेली. मांस कुणी खात नाही.”

“त्याच्या वतीनं दुसरं कुणी प्यायलं तर?”

“मालक तो आहे ना? कालच म्हणाला. सगळ्यांनी ऐकलंय.”

गुडघ्यावर बसणारी ती पोरगी आधीच कुंपणाकडं पळाली होती आणि वाकून उलट्या करत होती. मी सुरीचं पातं अंगठ्यावर फिरवलं, मुगिएच्या मानेखालची लोंबती कातडी चिमटीत धरून दाखवली. “इथं. बशीएवढं तळं होतं. फेस येतो वर. वास असतो, पण सवय होते.”

मेल्याला ओकारी आली. तोंडावर हात धरून उभा राहिला. कालपर्यंत आमच्या लेकरांचा उपास बघून रडणारा माणूस. मला काय वाटलं सांगू? मजा नाही आली. किळस आली. पोरीचं दूध वाचवायला असल्या माणसाशी खोटं बोलावं लागतंय, ह्याची.

“दुसरा काही मार्ग आहे का, विचारतोय,” मॅडम म्हणाल्या.

“आहे. मालकानं गाय जिवंत एखाद्या लेकराच्या हातात द्यावी. मग कापायची नाही. गाय लेकराची, आणि मालकाचं नाव त्या घरात राहतं.” हे मात्र खोटं नव्हतं. अशानं बाबांच्या दोरीचा मानही राहत होता. मी बाबांकडं बघितलं. हनुवटी काठीवरून उचलली गेली होती.

पास्टरनं डोळे मिटले. ओठ हलले. मग डोळे उघडून आभाळाकडं हात करून तो काय म्हणाला माहितेय? मॅडमनी दात आवळून सांगितलं, “म्हणतो, देव आत्ता त्याच्याशी बोलला. गाय जिवंत ठेव, लेकराला दे, असं सांगितलं.”

देवानं! माझ्या तोंडाची वाफ अजून विरली नव्हती हवेत.

आणि मग घोळ झाला. तो सरळ गेला कुंपणाकडं, आणि पुढंच बसलेल्या, दोन दात पडलेल्या, फोटोत छान दिसणाऱ्या एका पोरीचा हात धरला. ती पोरगी पलीकडच्या डोंगरातली!

“नाही नाही!” मॅडम धावल्या. “चालतं लेकरू चालत नाही. दूधपितं लागतं. अंगावरचं.”

“रेसियातो!” मी ओरडलो. “बघतेस काय, ये पुढं!”

ती आली. पोरीला पाठीवरून सोडून पुढं धरलं. पास्टरनं मुगिएची दोरी तिपांकोच्या मुठीत दिली. तान्ह्या पोरांचं काय असतं, हातात आलं ते घट्ट धरायचं. तिनं धरलं, आणि लगेच तोंडात घातलं. रेसियातोचे डोळे तेव्हा भरले. बाबांनी लांब श्वास सोडला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला.

झालं, असं वाटलं. तेवढ्यात कॅमेऱ्यामागचा नारिंगी ओरडला. “वन मोर!”

हे इंग्रजी मला कळतं. दहा दिवसांत तेच शिकलो होतो. कॅमेरा चालूच केला नव्हता म्हणे. पोरगी उलट्या करत होती, तिच्याकडं बघत बसला.

पास्टर हसला आणि परत द्यायला म्हणून त्यानं दोरी ओढली.

दिलेली गाय परत घेतोय! एका हातानं दिली, लगेच काढून घेतली, ती पण तान्ह्या पोरीकडून. अशी हलकट गोष्ट आमच्याकडं कुणी चोरानंही केली नसेल. तो ओढतोय, हसतोय. पण तिपांको सोडेना. मूठ पांढरी पडली, तोंडातून लाळ गळतेय, रडून लाल झाली, पण सोडेना. त्यानं तिचं एकेक बोट उघडायला सुरुवात केली. मी सुरी हातात घेऊनच पुढं झालो. काय करणार होतो, देव जाणे.

“पाकितेंग.”

पर्मुआतबाबा उभे राहिले होते. आवाज चढवला नाही. “सोड. आता ती तुझी नाही.”

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं नाही. गरजच पडली नाही. पास्टरनं बाबांच्या तोंडाकडं बघितलं आणि दोरी सोडली. मग परत हसला, “स्ट्राँग गर्ल!” म्हणाला, पोरीच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडं तोंड केलं. तेवढंच त्यांनी भरून घेतलं. आणि जाता जाता बाटली काढून आधी आपल्या हाताला लावलं, मग, उपकार म्हणून, पोरीच्या मुठीवरही दाबलं. ती मूठ लगेच तोंडात. रेसियातोनं अंगावरच्या कापडानं तिची जीभ पुसली, हात पुसले आणि त्या बाटलीकडं असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरलो.

दुपारी पोरांना घेवडाच मिळाला. “कोइनेतबाई, मांस कुठाय?” म्हणून सगळ्यांनी जीव खाल्ला माझा. दोघांना पळीनं फटका दिला.

बोअर काही आली नाही. नारिंगी टी-शर्टांचं एक खोकं आलं. आता आमच्या बाया त्यानं भांडी पुसतात.

मुगिए मात्र निघाली त्यातून. मी मक्याची फोलपटं राखून ठेवायचो, घेवडा धुतलेलं पाणी तिलाच. बाभळीच्या शेंगा रेसियातोनं लांबून लांबून वेचून आणल्या. पाऊस आला तेव्हा गाय उभी होती आणि पोर बसायला लागली होती. पुढच्या साली मुगिए व्याली. कालवड झाली, आईसारखीच तांबूस.

एकदा मॅडमनी फोनवर दाखवलं. पास्टर त्यांच्या चर्चमध्ये उभा, मागं भिंतीएवढी तिपांको, मूठ आवळलेली. देव माझ्याशी बोलला, म्हणून सांगतोय. आणि ह्या अनाथ बालिकेला मी गाय दिली, म्हणतोय.

“अनाथ?” रेसियातोनं विचारलं. तिचा नवरा तेव्हा शेजारी बसून दात कोरत होता, डोंगरातून अर्धी गुरं घेऊन परत आलेला. “मग हा कोण? भूत?”

मला तर थुंकायचं होतं त्या फोनवर. मॅडमनी काढून घेतला. पण बाबांनी परत लावायला सांगितलं, पूर्ण बघितलं, आणि समाधानानं मान हलवली.

“बरा आहे पाकितेंग. अंगावर आलंय जरा. गवत कापतो का अजून, विचारा त्याला.”

“बाबा, तो तुम्हाला विसरला.”

“विसरू दे. लांब राहतो. गाय पोरीला दिली त्यानं, मग पहिली कालवड त्याची. आला की दाखवू.”

“विका ती! पोराबाळांना धान्य येईल.”

“गप रे बाई. दुसऱ्याची गाय विकतात का कुठं?”

आता बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय. रेसियातोच्या मागं दोन पोरं, तिचा नवरा गुरांमागं. मग त्या लाल तोंड्याची कालवड रोज सकाळी पाण्यावर कोण नेतं? मी. लंगडत. वाटभर त्याच्या नावानं शिव्या देत. परवा तिच्या कानात गोचीड दिसला, तो बसून काढला. मग अजून दोन काढले. तिला काय त्याचं, ती पाणी पीत होती.